मित्रांसोबत हिमालयात ट्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा हिमालयात निघालेल्या मित्रमंडळींचे प्रश्न साधारण सारखेच असतात. बूट कोणते घ्यावेत, थंडी किती असेल, महिना कोणता चांगला. त्यांची उत्तरं इथे आहेतच. पण डोंगरात गेल्यावर गट अडतो तो भलत्याच प्रश्नांवर. मागे राहणाऱ्यासोबत कोणी थांबायचं? परत फिरायचं कोणी ठरवायचं? डोकं दुखतंय हे लपवणाऱ्या मित्राचं काय करायचं? हे प्रश्न निघण्याआधी फारसं कोणी विचारत नाही, म्हणून त्यांच्यावर इथे जरा जास्त लिहिलं आहे.

पहिलाच ट्रेक आहे. कुठे जावं?

गटात ज्याला सगळ्यात कमी अनुभव आहे, त्याला झेपेल असा ट्रेक निवडा. आठ जणांपैकी दोघं तयारीचे असतात, तेच ट्रेक ठरवतात आणि बाकीचे सहा जण 'होईल' म्हणून मान डोलावतात, असं हमखास होतं. तसं होऊ देऊ नका.

उत्तराखंडातले केदारकंठा (सुमारे ३,८०० मीटर) आणि हर की दून (सुमारे ३,५०० मीटर) हे पहिल्या ट्रेकसाठी चांगले पर्याय आहेत. दोन्हींची सुरुवात सांकरी गावातून होते. उत्तरकाशीजवळचं दयारा बुग्याल त्याहून सोपं आहे. पूर्वेला जायचं असेल तर सांदकफू (३,६३६ मीटर) आहे. हे पश्चिम बंगालमधलं सगळ्यात उंच ठिकाण. तिथून हवा स्वच्छ असेल तर कांचनजंगा दिसतंच, दूरवर एव्हरेस्टही दिसतं. हिमाचलचा हम्प्ता पास (सुमारे ४,२७० मीटर) अप्रतिम आहे. एका बाजूला हिरवी कुल्लू दरी, पलीकडे उतरलं की लाहौलचे उघडे-बोडके डोंगर. पण तिथे उंची झपाट्याने वाढते आणि खिंड ओलांडण्याचा दिवस लांबलचक असतो. थोडा सराव असलेल्या गटाने तो घ्यावा.

एव्हरेस्ट बेसकॅम्प (५,३६४ मीटर) पहिला ट्रेक म्हणून करणारे लोक आहेत. तरी माझं मत असं की आधी चार हजार मीटरच्या आतला एक ट्रेक करून आपलं शरीर उंचीवर कसं वागतं ते पाहून घ्यावं.

आम्ही सह्याद्रीत नेहमी फिरतो. मग हिमालय सोपाच जाईल ना?

पायांना सोपा जाईल. सुट्या दगडगोट्यांवरून उतरणं, कड्याशेजारून चालताना पाऊल नेमकं टाकणं, ही सवय सह्याद्री देतो आणि ती हिमालयात फार उपयोगी पडते. पण महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. हिमालयातले कित्येक ट्रेक जिथून सुरू होतात, ती गावंच त्याच्याहून उंचावर आहेत. म्हणजे विरळ हवेचा सराव सह्याद्रीत होऊच शकत नाही, मग कितीही किल्ले पालथे घातलेले असोत.

दुसरा फरक सलग दिवसांचा. किल्ला करून रात्री घरच्या गादीवर झोपणं वेगळं आणि पाच-सहा दिवस रोज उठून, कालचे ओले मोजे घालून पुन्हा चालायला लागणं वेगळं.

कोणता महिना चांगला?

उत्तराखंड आणि हिमाचलसाठी मे-जून किंवा सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबर. पावसानंतर हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते आणि शिखरं ठळक दिसतात, म्हणून निवड करता येत असेल तर ऑक्टोबर धरा. बर्फातून चालायची हौस असेल तर डिसेंबर ते मार्च केदारकंठा. मे-जूनमध्ये चारधाम यात्रा भरात असते, त्यामुळे ऋषिकेशच्या पुढे रस्त्यावर आणि हॉटेलात गर्दी गृहीत धरा.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तराखंडात दरडी कोसळतात, रस्ते बंद होतात. पण फुलांची दरी अर्थात व्हॅली ऑफ फ्लॉवर्स बहरते ती याच दिवसांत. तिथे जायचंच असेल तर हाताशी जादा दिवस ठेवून जा. पावसाळ्यात सुट्टी असलेल्या गटांनी लडाख किंवा काश्मीरकडे पाहावं. लडाख पर्जन्यछायेत येतं. सोनमर्गहून निघून विशनसर, गडसर, गंगाबलसारखी सरोवरं पाहत नारानागला उतरणारा काश्मीर ग्रेट लेक्स ट्रेक तर जुलै ते सप्टेंबरमध्येच करतात. त्या वाटेवर लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र तपासतात, त्याची मूळ प्रत जवळ ठेवा.

गट किती जणांचा असावा?

सहा ते दहा. चार जणांत एक आजारी पडला आणि एक त्याच्यासोबत थांबला की गटच उरत नाही. बारा-पंधराच्या वर गेलं की चालताना लांबलचक रांग होते आणि पुढच्यांना मागच्यांची खबर लागत नाही. तंबू बहुधा दोन किंवा तीन जणांचे असतात, त्या हिशोबाने आकडा जुळवा. तंबूत कोण कोणासोबत झोपणार हे घरीच ठरवा. घोरणारा, पहाटे तीनला उठणारा आणि जराशा आवाजाने जागा होणारा एकाच तंबूत आले, तर तिसऱ्या दिवशी तिघंही चिडलेले असतात.

ट्रेकिंग संस्थेबरोबर जावं की आपलं आपण?

पहिल्यांदा जात असाल तर संस्थेबरोबर किंवा स्थानिक गाईड घेऊन जा. विनागाईड अजिबात नको. वाट ठळक आहे असं व्हिडिओत दिसतं, पण ढग खाली उतरले किंवा रात्रीत बर्फ पडलं की तीच वाट नाहीशी होते.

संस्था निवडताना जेवणात काय देणार हे विचारण्याआधी पुढच्या गोष्टी विचारा. ट्रेक लीडरने पर्वतारोहणाचं रीतसर शिक्षण घेतलं आहे का? उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था या मान्यवर संस्था आहेत. किती माणसांमागे एक गाईड? ऑक्सिजन सिलिंडर प्रत्येक कॅम्पवर असतो की फक्त बेसकॅम्पवर? शेवटच्या कॅम्पवरून कोणाला खाली आणायचं झालं तर कुठल्या वाटेने आणणार आणि मोटररस्ता किती तासांवर? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याला चटकन देता येत नाही, त्याच्याबरोबर मी माझ्या मित्रांना पाठवणार नाही.

वनखात्याचे परवाने कोण काढणार हेही लेखी घ्या. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. रूपकुंडसारख्या ट्रेकवर तिचा थेट परिणाम झाला. कोणी 'आम्ही तिथेच तंबू लावतो' म्हणालं तर सावध व्हा. नेपाळला जाणार असाल तर भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. प्रौढांना विमानाने जाताना आधार कार्डावर भरवसा ठेवता येत नाही.

तयारी कधीपासून करावी?

किमान दोन महिने आधी. आठवड्यातून चार दिवस भरभर चालणं किंवा पळणं, दोन दिवस जिने. पाच किलोमीटर अंतर न थांबता पस्तीस-चाळीस मिनिटांत पळता येणं हा मध्यम अवघड ट्रेकसाठी ढोबळ मापदंड मानतात. जिने चढताना पाठीवर सहा-आठ किलोची सॅक घ्या, आणि उतरतानाही ती काढू नका. गुडघे दुखतात ते उतारावर, आणि उताराचा सराव करायचा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

गटाने दर रविवारी एकत्र चाला. कोणाचा वेग किती, कोण बोलत चालतो, कोण दमला की गप्प होतो, हे तेव्हाच कळतं. पुढे चार हजार मीटरवर एखादा मित्र अचानक गप्प झाला, तर तो दमल्यामुळे गप्प आहे की काहीतरी बिनसलंय, हे या ओळखीवरून ओळखू येतं.

रक्तदाब, दमा, मधुमेह किंवा हृदयाचा कोणताही त्रास असेल तर डॉक्टरांना भेटा, आणि त्यांना किती उंचीवर जाणार ते आकड्यात सांगा. तो त्रास गटालाही माहीत असू द्या.

उंचीचा त्रास म्हणजे नेमकं काय होतं?

उंचावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, पण हवेचा दाब कमी झालेला असतो. ३,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश आणि ५,५०० मीटरवर जवळपास निम्मा असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात शरीराला कमी ऑक्सिजन मिळतो. शरीर याला जुळवून घेतं. श्वास वाढतो, नाडी वाढते, रक्तात बदल होतात. पण त्याला वेळ लागतो. तो न देता वर गेलं की त्रास सुरू होतो. साधारण २,५०० मीटरच्या वर कोणालाही तो होऊ शकतो.

सुरुवात डोकेदुखीने होते. सोबत मळमळ, जेवण नकोसं होणं, चक्कर, विचित्र थकवा, झोप न लागणं. अनेकांना एवढंच होतं, आणि त्याच उंचीवर एक दिवस विश्रांती घेतली की बरं वाटतं. धोका आहे तो पुढच्या दोन अवस्थांचा. एक म्हणजे फुप्फुसात पाणी साठणं: बसल्या जागीही धाप लागते, खोकला येतो, ओठ-नखं निळसर होतात, पुढे फेसाळ, गुलाबी थुंकी पडते. दुसरी मेंदूला सूज येणं: माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही. या दोन्हींनी काही तासांत जीव जाऊ शकतो.

व्यायाम केलेल्याला हा त्रास होत नाही, हा समज पूर्ण चुकीचा आहे. तंदुरुस्तीने चालणं सुसह्य होतं, उंचीपासून संरक्षण मिळत नाही. उलट गटातला सगळ्यात दमदार गडी भरभर वर जातो आणि तोच आजारी पडतो, असंही घडतं. मागच्या वर्षी कोणाला काही झालं नाही, म्हणून यंदाही होणार नाही असं नाही.

उपाय एकच खात्रीचा: हळू चढा. तीन हजार मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची दर दिवशी पाचशे मीटरहून जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, असा सर्वमान्य नियम आहे. दुपारी कॅम्पवर पोचल्यावर थोडं वर चढून परत खाली येऊन झोपणंही चांगलं. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हल्ली सगळेच नेतात. त्याच्या आकड्यावर अख्खा निर्णय सोडू नका. बोटं गार पडली की तो चुकीचं दाखवतो, आणि उंचीवर आकडा कमी येणं स्वाभाविकच असतं. आकडा ठीक आणि डोकं ठणकतंय, तर डोक्यावर विश्वास ठेवा.

डायमॉक्स घ्यावी का?

डॉक्टरांना विचारून. अॅसिटाझोलामाइड हे तिच्यातलं औषध शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करतं. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवीला लागणं हे तिचे नेहमीचे परिणाम. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोळी घेऊन दोन दिवसांची चढाई एका दिवसात करणं मात्र कधीच नको.

कोणाला त्रास व्हायला लागला तर गटाने काय करायचं?

आधी त्याने तो सांगितला पाहिजे. हीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे. सहा महिने आधी रजा टाकलेली, तिकिटं काढलेली, सगळे मित्र सोबत, आणि आपल्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बुडेल ही भीती. त्यामुळे माणूस डोकेदुखीची गोळी गुपचूप खातो आणि हसून 'मस्त आहे' म्हणतो. अनोळखी लोकांसोबत गेलेला माणूस एकवेळ बोलून जातो. मित्रांच्या गटात तो लपवतो.

म्हणून निघण्यापूर्वी, घरी बसून, सगळ्यांनी मिळून तीन गोष्टी ठरवाव्यात आणि एकमेकांना मोठ्याने सांगाव्यात. पहिली: प्रत्येकाने रोज सकाळ-संध्याकाळ डोकं, पोट, झोप आणि भूक याबद्दल सांगायचं, विचारायची वाट पाहायची नाही. दुसरी: जो खाली जायचं म्हणेल त्याला कोणी 'अजून थोडं बघ' म्हणणार नाही. तिसरी: खाली जाणाऱ्यासोबत कोण जाणार, हे आधीच ठरलेलं असेल. हे तिसरं ठरलेलं असलं की आजारी माणसाच्या मनावरचं ओझं पुष्कळ हलकं होतं, कारण 'माझ्यासाठी कोणाला तरी ट्रेक सोडावा लागेल' ही वाटाघाट त्याला चार हजार मीटरवर करावी लागत नाही.

प्रत्यक्षात वागायचं असं. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आणखी वर जाणं थांबवा. त्याच उंचीवर विश्रांती, गरम पाणी, हलकं जेवण. बरं वाटलं नाही किंवा वाढलं, तर खाली उतरा. एका सरळ रेषेत टाचेला चवडा लावून दहा-बारा पावलं चालायला सांगा. तोल जात असेल, माणूस गोंधळलेला असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर त्याच क्षणी खाली न्या, रात्र असली तरी. सकाळपर्यंत थांबू नका. ऑक्सिजन असेल तर लावा, पण ऑक्सिजन लावलाय म्हणून वरच थांबू नका. पाचशे ते हजार मीटर उतरल्यावर बहुधा चांगलाच फरक पडतो. त्याला एकट्याला कधीही पाठवायचं नाही.

एक लक्षात असू द्या: मेंदूवर परिणाम झालेला माणूस 'मला काही झालेलं नाही' असं ठासून सांगतो, भांडतो. तेव्हा त्याचं ऐकायचं नसतं. एरवी तुम्ही त्याच्या मताचा कितीही मान राखत असाल, त्या वेळी त्याचा हात धरून खाली चालायला लागणं हेच मित्राचं काम आहे.

एक जण फार हळू चालतो. सगळ्यांचा खोळंबा होतो. काय करावं?

त्याच्या वेगाने चाला. गाईड हेच सांगतील आणि त्यांचं बरोबर असतं. पुढे एक जण लीड, शेवटी एक अनुभवी माणूस टेल, आणि टेलच्या मागे कोणीही नाही, ही साधी शिस्त पाळा. हळू चालणाऱ्याला मधे किंवा लीडच्या लगेच मागे ठेवा.

गटांच्या हातून नकळत एक अन्याय होत असतो. पुढचे थांबतात, दहा मिनिटं बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. मागचा धापा टाकत तिथे पोचतो, आणि 'आला! चला' म्हणून सगळे उठतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. दिवसभर हे होत राहिलं की तो माणूस संध्याकाळपर्यंत शरीराने आणि मनानेही खचतो. शेवटचा माणूस बसल्यापासून पाच मिनिटं मोजायची, मग उठायचं. एवढ्या एका सवयीने ट्रेकचा अनुभव बदलतो.

त्याच्या सॅकमधलं थोडं सामान बाकीच्यांनी वाटून घ्या, न बोलता. आणि त्याच्या वेगावरून थट्टा नको. गावात, चहाच्या टपरीवर चालणारी मस्करी तिथे वर्मी लागते.

समिटच्या, म्हणजे शिखर गाठायच्या दिवशी परत फिरायचं कोणी ठरवायचं?

ट्रेक लीडरने किंवा गाईडने, आणि त्याच्या शब्दावर गटाने मतदान घ्यायचं नाही. उंचावर हवा बहुधा दुपारनंतर बिघडते, म्हणून समिटला किंवा खिंडीकडे पहाटे दोन-तीनला निघतात आणि परतीची वेळ आधीच ठरवतात. समजा, सकाळी दहा. दहा वाजले आणि शिखर अर्ध्या तासावर आहे, तरी फिरायचं.

जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल ट्रेकवर गेलेला, बहुतेक कर्नाटकातल्या लोकांचा २२ जणांचा गट अचानक आलेल्या हिमवादळात सापडला. त्यातल्या ९ जणांचा जीव गेला. महिना जूनचा होता. आपल्याकडे जून म्हटलं की उकाडा आणि पहिला पाऊस आठवतो, पण चार हजार मीटरच्या वर कोणत्याही महिन्यात बर्फ पडू शकतं, आणि वारा व ओले कपडे एकत्र आले की शरीराची ऊब झपाट्याने जाते. म्हणून हवा स्वच्छ असली तरी गरम कपड्यांचा थर, रेनकोट, टॉर्च आणि खाऊ दिवसाच्या सॅकमध्ये प्रत्येकाकडे हवाच, खच्चरावर पुढे गेलेल्या बॅगेत नव्हे.

सामानात काय काय घ्यावं?

बुटांवर पैसे खर्च करा. घोट्याला आधार देणारे, चांगल्या पकडीचे, आणि किमान महिनाभर वापरून पायाला बसलेले. कोरे बूट घालून बेसकॅम्पवर उतरणारा माणूस दुसऱ्या दिवशी फोड मोजत बसतो.

कपडे थरांत. अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा सिंथेटिक किंवा लोकरीचा, त्यावर फ्लीसचा, म्हणजे मऊ उबदार कापडाचा थर, त्यावर पिसं भरलेलं डाउन जॅकेट, सगळ्यांवर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. सुती टी-शर्ट आणि जीन्स नकोतच, भिजले की वाळत नाहीत. चालताना एक थर कमी आणि थांबल्याबरोबर एक थर जास्त. घाम येऊ देऊ नका.

गॉगल विसरू नका. ताज्या बर्फावरून अतिनील किरणं प्रचंड परावर्तित होतात आणि उघड्या डोळ्यांनी काही तास चाललं तरी डोळे सुजून दिसेनासं होतं. ढग असले तरी. हेडटॉर्च, दोन जादा मोज्यांचे जोड, ट्रेकिंग पोल, सनस्क्रीन, ओठांना लावायचं क्रीम. बुटात बर्फ जाऊ न देणारे गेटर आणि बुटाखाली चढवायचे काटेरी मायक्रोस्पाइक बहुतेक संस्था देतात, विचारून घ्या.

मित्रांच्या गटात एक सोय असते: सगळं सगळ्यांनी नेण्याची गरज नसते. औषधपेटी एक, पॉवर बँक तीन-चार जणांत दोन, सुई-दोरा, चिकटपट्टी, जादा बुटाच्या नाड्या एकाकडे. कोणाकडे काय आहे त्याची यादी मात्र सगळ्यांकडे हवी.

रात्री खूप थंडी वाजते का?

वाजते. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. झोपताना चालतानाचे दमट कपडे बदलून कोरडे घाला. बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, ती मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा. फोन आणि बॅटऱ्याही आत घ्या, थंडीने त्या उतरतात. रात्री लघवीला लागलं तर आळस न करता उठा. दाबून ठेवून झोप तर लागत नाहीच, वर जास्त गारठतं.

खाण्यापिण्याचं काय?

भूक नसली तरी खा. उंचावर पाण्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून वरच्या कॅम्पवर डाळ-भात कुकरशिवाय शिजत नाही, आणि एवढ्या थंडीत, एवढ्या उंचीवर गरम जेवण वाढणाऱ्या स्वयंपाक्यांबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. पाणी दिवसाला तीन-चार लिटर. झऱ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी वर गुरं चरत असतात, तेव्हा उकळलेलं किंवा गाळून शुद्ध केलेलंच प्या. घरून दाण्याची चिक्की, खजूर, गूळपोळी, शेंगदाण्याचे लाडू न्या. टिकतात, ताकद देतात, आणि तिसऱ्या दिवशी मॅगीचा कंटाळा आला की गटात त्यांनाच मागणी येते.

शौचालयाची सोय काय असते? पाळी आली तर?

कॅम्पवर खड्डा खणून त्यावर छोटा तंबू लावलेला असतो. माती टाकायची आणि बाहेर यायचं. वाटेत गरज पडली तर पाण्याच्या प्रवाहापासून निदान साठ-सत्तर मीटर लांब जा.

पाळीमुळे उंचीचा त्रास वाढतो असं नाही, आणि पाळी आहे म्हणून ट्रेक रद्द करण्याचं काही कारण नाही. लांबचा प्रवास आणि उंचीमुळे तारखा पुढेमागे होऊ शकतात, म्हणून तारीख नसली तरी सामान जवळ ठेवा. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून, झिपच्या पिशवीत घालून खाली आणायचे. गटातल्या मुलग्यांनीही यात अवघडल्यासारखं वागू नये. कोणी आज थोडं हळू चालू म्हणाली, तर कारण न विचारता हळू चालावं.

फोनला रेंज मिळते का? सॅटेलाइट फोन नेता येईल का?

बहुतेक वाटांवर शेवटच्या गावानंतर रेंज मिळत नाही. घरच्यांना आधीच सांगा की अमुक तारखेपर्यंत फोन लागणार नाही, आणि संस्थेच्या कार्यालयाचा नंबर देऊन ठेवा. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदेशीर आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी उपकरणंही त्यात येतात. परदेशातल्या मित्राने कौतुकाने आणलं तरी नेऊ नका. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या. आणि विमा काढताना किती उंचीपर्यंतचं ट्रेकिंग धरलं आहे व हेलिकॉप्टरने सुटका त्यात येते का, हे अटींमध्ये शोधा.

पैशांवरून वाद होऊ नयेत म्हणून काय करावं?

निघताना सगळ्यांनी सारखी रक्कम एका डब्यात जमा करा आणि एकच खजिनदार नेमा. जीप, वाटेतली जेवणं, चहा, हॉटेल त्यातून. स्वतःची बॅग खच्चरावर दिली, वेगळं काही खाल्लं, तर टीटीएमएम. रोज रात्री दोन मिनिटांत हिशोब लिहून टाकायचा. शेवटच्या गावाच्या आधीच रोख रक्कम काढून घ्या, पुढे एटीएम मिळेलच असं नाही.

या डब्यात गाईड, स्वयंपाकी आणि खच्चरवाल्यांच्या बक्षिसीची रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला काढा. शेवटी उरले तर देऊ, असं नको. त्यांची नावं पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि नावाने, 'भैया' किंवा 'दाजू' म्हणून हाक मारा. त्यांच्याशी बोलत चाललात तर वाटेवरचं प्रत्येक झाड, शिखर आणि देवता त्यांच्याकडून ऐकायला मिळते.

कचऱ्याचं काय करायचं?

नेलेलं सगळं खाली आणायचं. वेफर्सची पाकिटं, चॉकलेटची वेष्टणं, ओले टिश्यू. हे टिश्यू कागदाचे वाटतात पण त्यात प्लास्टिक असतं. थंडीत काहीच लवकर कुजत नाही, संत्र्याची सालंसुद्धा महिनोन्महिने तशीच पडून राहतात. प्रत्येकाने कमरेला एक पिशवी बांधावी आणि वाटेत दिसलेला इतरांचाही थोडा कचरा उचलावा. स्पीकरवर गाणी लावू नका. तिथली शांतता ऐकायला लोक इतक्या लांबून आलेले असतात.

परतीचं तिकीट कधीचं काढावं?

ट्रेक संपतो त्याच्या दुसऱ्या दिवसानंतरचं. सांकरीहून डेहराडून आठ-दहा तासांवर आहे, आणि दरड कोसळली तर तो अंदाजही कामाचा नाही. ट्रेक संपला त्याच रात्रीची गाडी धरायची म्हणून घाटात ड्रायव्हरला घाई करणारे गट पाहिले आहेत, आणि ती घाई मला अख्ख्या ट्रेकमधल्या कुठल्याही कड्यापेक्षा जास्त धोक्याची वाटते. हवामानामुळे समिट एक दिवस पुढे ढकलायची वेळ आली तरी हाच रिकामा दिवस कामी येतो. ऑफिसात रजा मागताना तो धरूनच मागा, आणि सगळ्यांची तिकिटं एकाच गाडीची काढा.